वॉरंटी रद्द करण्याचं कारण

गाडी विकून एकोणीस दिवस झाले होते. विसाव्या दिवशी सकाळी मी अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला. 'अभिनंदन. आपल्या गाडीची वाढीव वॉरंटी आजपासून सुरू होत आहे. पुढची दोन वर्षं निर्धास्त राहा.' मी तो दोनदा वाचला. निर्धास्त हा शब्द उगाचच बोचला. साठीला टेकलेल्या माणसाला कुठल्यातरी यंत्राने सकाळी सकाळी निर्धास्त राहायला सांगावं, आणि तेही दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या जिवावर, हे काही बरं वाटेना. तसाच फेसाळ चेहऱ्याने स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोसमोर मोबाईल धरला. तिने चष्मा वर सरकवून वाचलं. "बैल गेला नि झोपा केला हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "इथे बैल गेला आणि झोप्याला दोन वर्षांची हमी मिळाली. आजच रद्द करून टाका." तिच्या लेखी कुठलीही गोष्ट रद्द करणं म्हणजे ओला टॉवेल दोरीवर टाकण्याइतकं सोपं. ती तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. तीस वर्षं पाण्याच्या घुमणाऱ्या आवाजावर आपला आवाज चढवून चढवून तिचा घसा असा तयार झालाय की घरात ती 'मीठ द्या' म्हणाली तरी शेजारची बाई आपली मिठाची बरणी हुडकायला लागते. या आवाजाने माझी एक गोष्ट चार महिने झाकून ठेवली होती, हे तिला माहीत नव्हतं.

मी पियानो सुरात लावतो. दुसरं काही मला येत नाही. लहानपणी एकदा तापाने महिनाभर अंथरुणात होतो, तेव्हा जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय ते सांगायचो; डॉक्टरच्या एका बुटाची टाच झिजलीय हेही सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. आई म्हणायची, या पोराला कान नाहीत, सुपं आहेत. त्या सुपांवरच पुढे पोट भरलं. पण असे कान असलेल्या माणसाने नवी गाडी घेऊ नये. घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला तो आवाज आला. टिक. बारीक, कोरडा, काचेवर नखाचं टोक लागावं तसा. चाळीसच्या पुढे वेग गेला की टिक, मग दोनदा टिक टिक, मग बराच वेळ काही नाही, आणि आता गेला असं वाटतंय तोवर पुन्हा टिक. बायकोला ऐकू येत नव्हता. वर्कशॉपच्या फोरमनला ऐकू येत नव्हता. मी अकरा वेळा गाडी घेऊन गेलो. दर वेळी फोरमन शेजारी बसून दोन चकरा मारायचा, डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "गाडी एकदम शांत आहे, साहेब." पाचव्या वेळेनंतर तिथली माणसं मला कानसेन म्हणायला लागली, आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि त्यात प्रेमही होतं, कारण इतक्या निष्ठेने परत येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. वाढीव वॉरंटी मी त्या आवाजापायीच घेतली. आज ना उद्या तो कुणाला तरी ऐकू येईल आणि तेव्हा माझ्याकडे कागद असेल, एवढाच विचार. बायको म्हणाली होती, "आवाज तुमच्या डोक्यात असेल तर डोक्याची वॉरंटी काढा."

आणि मग चार महिन्यांपूर्वी तो आवाज थांबला. मोठ्या रस्त्याने येत होतो, वेग साठाला पोचला, आणि गाडी खरंच शांत होती. मला इतका आनंद झाला की घराची गल्ली मागे टाकून मी पुढे जात राहिलो, ती शांतता आणखी थोडी चाखावी म्हणून. दोन दिवस मी ज्याला त्याला सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बसलो होतो. समोरच्या झाडावर एक चिमुकला पक्षी रोज येतो, मुठीत मावेल एवढा. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा फुगत होता. आवाज नव्हता. पहिल्यांदा वाटलं, आजारी असेल बिचारा. मग मी उठलो, बायकोचं मनगटी घड्याळ कानाला लावलं. काटा पुढे सरकत होता, बाकी काही नाही. घड्याळ कानाला तसंच धरून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. ती अंघोळीहून आली आणि म्हणाली, "बंद पडलं का?" मी म्हणालो, "नाही, चालू आहे." पुढे सांगण्याची ती वेळ होती, ती मी घालवली. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, टेलिफोनही. गेलं होतं ते फक्त वरचं, बारीक, टोकाचं. घराच्या गच्चीवरून कुणीतरी गुपचूप एक फळी काढून न्यावी तसं. पण माझा धंदा त्या गच्चीवर चालतो.

गाडी विकण्याचं कारण मी सगळ्यांना सांगितलं ते असं, की लावायला जागा मिळत नाही, बस दारासमोरून जाते, गिऱ्हाइकंही आता जवळपासचीच राहिलीत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खोटं एवढंच होतं की त्या कारणांनी मी गाडी विकली नव्हती. ती गाडी खाली उभी असायची आणि तिच्यात बसलं की शांतता असायची, आणि ती शांतता म्हणजे माझ्याविरुद्धचा साक्षीदार होता. रोज सकाळी चावी फिरवायची आणि साक्ष ऐकायची, हे किती दिवस चालणार. मी तो साक्षीदारच विकून टाकला. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या एका नर्सने गाडी घेतली. तिशीची, हसरी, भरभर बोलणारी. तिने विचारलं होतं, "गाडीत काही खोट नाही ना, काका?" आणि मी म्हणालो होतो, "एकदम शांत आहे." फोरमनचंच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

तर वॉरंटीच्या लोकांना फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली. गाडी विकलीय, वॉरंटी रद्द करायची आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, नव्या मालकाच्या नावावर करण्याची मुदत आठ दिवसांची होती, ती टळून गेली, तेव्हा आता रद्दच करावी लागेल. त्यासाठी विक्रीची नक्कल, मीटरचा आकडा आणि नव्या मालकाची सही, हे सगळं घेऊन वर्कशॉपमध्ये अर्ज भरून द्यायचा. मग तिने विचारलं, "गाडी विकण्याचं कारण काय नोंदवू, सर?" मी म्हणालो, "कारण लागतं का?" ती म्हणाली, "इथे रकाना आहे." मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नंतर अर्जात लिहिलंत तरी चालेल," ती समजुतीने म्हणाली. तिचा सगळा आवाज मला नीट येत होता, फक्त शब्दांतले 'स' मला अंदाजाने भरून घ्यावे लागत होते, जुन्या छपाईतल्या पुसट अक्षरांसारखे. हे असं किती महिने मी भरून घेत होतो, हे त्या क्षणी प्रथम ध्यानात आलं, आणि का कोण जाणे, थोडं हसूच आलं. मीटरचा आकडा माझ्याकडे नव्हता. जो माणूस तारेचा जाडपणासुद्धा वहीत लिहून ठेवतो, त्याने गाडी देताना मीटरकडे पाहिलंच नव्हतं. पळून जाणारा माणूस आकडे टिपत बसत नाही.

नर्सला फोन केला तर ती म्हणाली, "दुपारी या ना काका, मला तासभर मोकळा असतो." बसमध्ये खिडकीशी बसलो. माझ्या गिऱ्हाइकांत पियानोच्या एक बाई आहेत, सत्तरीच्या, त्यांच्याकडे तीस वर्षं जातोय. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी फोन केला होता. "या वेळी वरच्या पट्ट्या मला जराशा टोचतायत," त्या म्हणाल्या होत्या, आणि लगेच, "माझंच वय झालं असेल म्हणा." सभ्य माणसं तक्रार अशी स्वतःच्या अंगावर घेतात, ते फार लागतं. ज्या म्हाताऱ्याकडे मी काम शिकलो त्याचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी वरच्या पट्ट्या तो चढ्या लावायचा. त्याला त्या उतरलेल्या वाटायच्या, म्हणून आणखी पिळायचा, आणखी पिळायचा. गिऱ्हाइकं काही बोलत नसत. मी बाविशीत होतो. काम संपवून आम्ही रस्त्यावर आलो की मी म्हणायचो, रुमाल विसरलो, आणि धावत वर जाऊन पाच मिनिटांत त्या सात-आठ पट्ट्या उतरवून यायचो. दोन वर्षं मी असे रुमाल विसरत होतो. एकदा तो म्हणाला होता, "तुझा रुमाल फार विसरतो बुवा," आणि चालायला लागला होता. त्याला कळलं होतं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बसमध्ये बसून मी विचार करत होतो, की माझ्यासाठी रुमाल विसरणारं तर कुणीच नाही. मी एकटाच काम करतो. आणि हे दुःख की सुख, हे ठरवता ठरवता उतरायचं ठिकाण आलं.

प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात माझी गाडी उभी होती. माझी म्हणजे तिची. पुढच्या काचेमागे कुणीतरी एक लोकरीचा इवलासा मोजा टांगला होता आणि मागच्या सीटवर छत्री, पिशव्या, एक उघडं बिस्किटांचं पाकीट. गाडी माझ्याकडे असताना तीन वर्षं परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ असायची. इथे ती पाय पसरून बसली होती. नर्स हात पुसत आली. तिने मीटरचा आकडा वाचून दाखवला, मी लिहून घेतला, तिने गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली. काम संपलं. मी निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?" मी म्हणालो, विचार. "गाडीत एक आवाज येतो. बारीक. टिक, मग टिक टिक, मग थोडा वेळ काहीच नाही. तुमच्याकडे होती तेव्हा यायचा का हो? माझा नवरा म्हणतो, गाडीत काही नाही, तुझ्याच कानात बाळांचे ठोके बसलेत. मला रोज पोटातल्या बाळांचे ठोके ऐकायची सवय ना, मला काही ऐकू आलं की सुटतच नाही."

मी गाडीच्या दाराला धरलं. आधी आला तो आनंद, आणि तो इतका निखळ होता की मला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं, अकरा खेपा, फोरमनचे मिटलेले डोळे, बायकोचे टोमणे, आणि आज एका अनोळखी अंगणात एक मुलगी माझ्या आवाजाचं नाव, गाव, चाल सगळं बिनचूक सांगत होती. परमुलखात कुणीतरी आपल्या गल्लीचं नाव घ्यावं तसं झालं. मी वेडा नव्हतो. आवाज होता. मी म्हणालो, "चाळीसच्या पुढे गेल्यावर?" ती म्हणाली, "चाळीसच्या पुढेच." "थंडीत जास्त?" "सकाळी जास्त." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो, एकाच खोडकर मुलाचे दोन शिक्षक भेटल्यासारखे. आणि मग त्या आनंदाच्या मागोमाग, पायात चपला न घालता, दुसरी गोष्ट आली. आवाज होता म्हणजे आवाज आहे. तो कधी थांबलाच नव्हता.

"चला, ऐकवते," ती म्हणाली. मी तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. तीन वर्षांत या सीटवर मी एकदाही बसलो नव्हतो. इथून रस्ता वेगळाच दिसत होता, जास्त रुंद. तिने मोठ्या रस्त्याला गाडी घातली, वेग वाढवला आणि एक बोट वर केलं. "आता. ऐकलंत? हा बघा. टिक टिक. हा पुन्हा." तिचं बोट हवेत ठोके देत होतं आणि मी त्या बोटाकडे पाहत होतो. त्या पक्ष्याची चोच आठवली. मला सहज म्हणता आलं असतं, हो, हो, आला. आयुष्यभर मी इतरांना ऐकू न येणारं ऐकल्याचं सांगत आलो, एकदा न ऐकता सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं. पण ती इतक्या आशेने बोट हलवत होती, आणि तिला कुणीतरी 'तुझ्या कानात आहे' असं घरी सांगत होतं. मी म्हणालो, "मला नाही ऐकू येत." ती म्हणाली, "म्हणजे आवाज नाही?" मी म्हणालो, "आवाज आहे. तू म्हणतेस तस्साच आहे, मी तो अडीच वर्षं ऐकलाय. चार महिन्यांपासून मला येत नाही. कानच राहिले नाहीत तेवढे. गाडी शांत आहे असं तुला सांगितलं, ते चुकलं माझं." एवढं बोलून झाल्यावर मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने सिग्नलला गाडी थांबवली, पाण्याची बाटली काढून घोटभर प्यायली आणि म्हणाली, "कान तपासलेत का?" "नाही." "आमच्याच इमारतीत खाली तपासतात. घाबरण्यासारखं काही नसतं, बटण दाबायचं असतं नुसतं." मग ती हसली. "म्हणजे मी वेडी नाही तर." मी म्हणालो, "दोघंही नाही." ती म्हणाली, "मग आत्ताच जाऊ या वर्कशॉपला. तुमचा अर्ज पण होईल आणि माझा नवरा पण गप्प होईल."

फोरमनने गाडी ओळखली, मग मला ओळखलं, आणि कपाळाला हात लावला. "कानसेन, आता लोकांच्या गाडीतले पण आवाज आणायला लागलात?" मी म्हणालो, "मी नाही, या बाई." नर्सने त्याला चालवायला बसवलं आणि स्वतः मागे बसली. ते मला सुचलं नव्हतं. तीन वर्षं मी चालवत होतो आणि फोरमन शेजारी. मागच्या सीटवर बसून कुणी ऐकलंच नव्हतं. ती दोघं चक्कर मारून आली तेव्हा तिचं बोट मागच्या काचेशेजारच्या पट्टीवर रोवलेलं होतं. "इथे दाबलं की थांबतो," ती म्हणाली, "सोडलं की सुरू." फोरमनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याने पट्टीला कान लावला, आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली की गप्प राहा, जणू मी बोलत होतो. पट्टी काढल्यावर आत एक प्लॅस्टिकची खुंटी निघाली, नखाएवढी, तिचं टोक काचेला किंचित लागत होतं. एवढंच. त्याने खुंटी तळहातावर घेतली आणि म्हणाला, "साहेब, मी तुमची माफी मागतो." त्याने मदतनिसाला मधे घालायला काहीतरी मऊ शोधायला सांगितलं, रबर मिळेना, तेव्हा मी माझी पिशवी उघडली. पियानोच्या हातोड्यांखाली घालायचा लाल नमदा, दाबलेल्या लोकरीचा, माझ्याकडे कायम असतो. मी बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला आणि खुंटीला गुंडाळून दिला. पट्टी बसली. नर्स एकटीच चक्कर मारून आली आणि खिडकीतून अंगठा दाखवला. तिच्या ड्युटीची वेळ झाली होती, ती गेली. जाताना म्हणाली, "काका, बटण दाबायला या."

मग फोरमनने अर्ज काढला. गाडीचा क्रमांक, मीटरचा आकडा, विक्रीची तारीख. 'रद्द करण्याचं कारण' या रकान्यात मी लिहिलं, गाडी विकली. त्याच्याखाली आणखी एक रकाना, 'गाडी विकण्याचं कारण'. "काहीही लिहा," फोरमन म्हणाला, "वरचे लोक वाचत नाहीत." मी पेन टेकवलं. जागा मिळत नाही, असं लिहिण्यापुरती जागा होती. पण दुपारी एकदा तोंडातून बाहेर पडलेली गोष्ट आता आत जायला तयार नव्हती. उलट तिला बाहेरची हवा मानवली होती. मी लिहिलं, 'गाडीतला आवाज मला ऐकू येईनासा झाला.' फोरमनने अर्ज फिरवून वाचला. "चुकून उलटं लिहिलंत. लोक आवाज येतो म्हणून गाडी विकतात." "मी येत नाही म्हणून विकली," मी म्हणालो. त्याने पुन्हा वाचलं. या वेळी त्याला समजलं, हे मला दिसलं, कारण त्याने एकदम शिक्का शोधायला सुरुवात केली, आणि शिक्का त्याच्या समोरच होता. "माझ्या वडिलांना पण," तो शिक्क्याकडे बघत म्हणाला, "पुढे पुढे इंजिनाला हात लावून सांगायचे, काय बिघडलंय ते. आमच्यापेक्षा आधी सांगायचे." मग धाडकन शिक्का मारला. तो मला छान ऐकू आला.

घरी पोचलो तेव्हा ऊन खिडकीत होतं आणि बायको ओले केस पुसत होती. "झालं का रद्द?" मी म्हणालो, झालं. आणि बुटांचे बंद सोडता सोडता, खाली मान घालून, सगळं सांगितलं. पक्षी, घड्याळ, गाडी नावाचा साक्षीदार, पियानोच्या बाईंचा फोन, नर्सचं बोट. ती मधे एक शब्द बोलली नाही, हे तिच्या बाबतीत भयंकर होतं. मी वर पाहिलं. तिने टॉवेल गळ्यात टाकला होता आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. "मग गाडी का विकलीत?" ती म्हणाली. "गाडी काय कानांनी चालवत होतात?" "गेले तीन आठवडे मी पोहण्याच्या फळ्या घेऊन बसमध्ये उभी राहतेय. माणसं मला विचारतात, फळीचं पण तिकीट काढलंय का. आणि हे साहेब साक्षीदार विकून बसलेत." ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग येऊन माझ्या शेजारी बसली, खुर्ची ओढून, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाली, "चार महिने एकट्याने ऐकत बसलात." मी म्हणालो, "ऐकू येत नव्हतं तेच." आणि मग ती हसायला लागली, तिला थांबवेना, आणि तिच्या हसण्याने मलाही थांबवेना. शेजारच्या बाईने भिंतीवर टकटक करून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

पुढच्या आठवड्यात कान तपासले. काचेच्या खोलीत बसून बटण दाबायचं, नर्स म्हणाली होती तसंच. तपासणाऱ्याने कागदावर एक रेघ काढून दिली. बरीच लांब ती सरळ गेली होती आणि शेवटाला बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली आली होती. "बोलण्यापुरतं यंत्र देता येईल," तो म्हणाला, "पण तुमच्या कामाला तुम्ही म्हणता तसं नेमकं मिळेल असं मी सांगणार नाही." त्याचा खरेपणा मला आवडला. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "मग कामाचं काय?" मी तिला बागेच्या कट्ट्यावर बसवून समजावून सांगितलं. पियानोच्या वरच्या एकेका पट्टीला तीन तारा असतात. तिन्ही अगदी सारख्या ताणल्या तर एकच आवाज येतो. केसभर फरक असला तर आवाज थरथरतो. ती थरथर जाईपर्यंत पिळायचं. खालचं सगळं मला अजून नीट ऐकू येतं. वरच्या बाराएक पट्ट्यांची थरथर आता येत नाही. "थरथर कळायला गाणं यावं लागतं का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही. लक्ष द्यावं लागतं." "मग मी पाण्याखाली कुठल्या पोराचा श्वास अडकलाय ते काठावरून ओळखते," ती म्हणाली, "मला थरथर कळेल."

पियानोच्या बाईंना मी फोनवरच सांगितलं, की या वेळी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, कान माझे कमी झालेत, आणि तुमची हरकत नसेल तर मी दुसऱ्या एका माणसाला घेऊन येतो. त्या म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी तुमच्या भरवशावर वाजवलंय, एकदा तुम्ही माझ्या भरवशावर लावा." आम्ही सकाळी गेलो. त्यांची खोली लहान, पुस्तकांनी अर्धी भरलेली, पियानोवर उन्हाचा चौकोन. मी झाकण उघडलं, मधल्या पट्ट्यांपासून सुरुवात केली आणि एकट्याने वर वर येत गेलो. जिथे माझा कान अडखळला तिथे थांबलो. बाई खालच्या पट्टीशी ताडून सांगायला बसल्या: जरा वर, जरा खाली, बस्स. पहिली तार त्यांच्या सांगण्यावर बसली. मग आवाज दाबून ठेवलेली दुसरी तार मोकळी करून मी पट्टी मारली आणि बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटले नाहीत. उलट तारांकडे टक लावून, कमरेवर हात ठेवून, तलावाच्या काठावर उभी राहते तशी उभी होती. "दोघी भांडतायत," ती म्हणाली. मी तार पिळायची किल्ली किंचित फिरवली. "अजून भांडतायत." आणखी किंचित. "आता नुसती कुरकुर आहे." हाताखाली मला तारेचा ताण कळत होता, तेवढाच, बाकी तिचा चेहरा. "हळू. हळू. थांबा." मी थांबलो. "मिटलं," ती म्हणाली.

तासभर असं चाललं. एकदा ती चुकली, बाईंनी तिला सांगितलं, तिने वाद घातला, पुन्हा ऐकलं आणि माघार घेतली. अकराव्या पट्टीवर मी घाईने किल्ली काढायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं, अजून नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामात कुणी माझं मनगट धरत होतं, आणि मला राग आला नाही याचं मलाच नवल वाटलं. सगळं झाल्यावर बाई वाजवायला बसल्या. काहीतरी झरझर वरून खाली येणारं होतं. वरचं टोक मला धूसर आलं, मग आवाज उतरत उतरत माझ्या हद्दीत शिरला आणि स्वच्छ झाला. मी बायकोकडे पाहिलं. तिची मान हलत होती, जरा बेतालच, पण तोंडावर असं समाधान होतं जणू पियानो तिनेच बनवलाय. बाईंनी हात थांबवले, वरची शेवटची पट्टी दोनदा वाजवून पाहिली आणि मला विचारलं, "पुढच्या वेळी याही येतील ना तुमच्याबरोबर?"

मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मंगळवार सोडून. मंगळवारी माझी पाण्यातली मुलं असतात."

मी वही काढली आणि लिहून ठेवलं: मंगळवार सोडून.